नाकमावशीचं नाक

मुलांच्या दवाखान्यात तिला नावाने कुणीच हाक मारत नसे. सगळ्यांची ती नाकमावशी. दिवसभर लोकांच्या लेकरांच्या नाकात कापसाची काडी घालायची, हे काय खायचं काम आहे? पोरं आकाशपाताळ एक करतात, लाथा झाडतात, चावतात. तिच्या आधीच्या दोघांच्या तर नाकी नऊ आले होते. मावशी मात्र खुर्चीत ऐसपैस बसायची, एक काडी पोराच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "आधी तू माझ्या नाकात घाल. मग माझी पाळी." पोरगं हरखायचं. मावशीच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं, आणि पोरगंच तिची समजूत काढायचं, "रडू नको, झालं झालं." मग स्वतःचं नाक निमूट पुढे करायचं. अशी ही बाई!

हा सगळा खटाटोप मोठ्या डॉक्टरबाईंच्या संशोधनासाठी. सर्दीचे विषाणू काही सगळे एका माळेचे मणी नसतात. एक आला की लेकराचं शरीर लगेच आरडाओरडा करून त्याला हुसकावतं. दुसरा असा गुपचूप शिरतो की शरीराला जागच उशिरा येते, आणि मग नको इतका धिंगाणा होऊन छाती सूं सूं वाजत राहते. कुठला विषाणू मुलांच्या शरीराला काय शिकवून जातो, हे बाईंना शोधायचं होतं. म्हणून नमुना दोनदा लागायचा, आजारात आणि बरं झाल्यावर. आता बरं झालेलं पोर दवाखान्यात कोण आणतंय? पण मावशीकडे पोरं हट्ट करून यायची.

एके दिवशी डॉक्टरबाई जवळजवळ नाचतच आल्या. "मावशी, ती दोन शेंड्यांची चिमुरडी आठवते? सारखी छाती भरते ती? अहो, तिच्या नाकाने विषाणूला बघताक्षणी ओळखलंय! इतकी मुरलेली ताकद एवढ्याशा पोरीत! तिच्या आईला सांगते, आता काळजी नको, औषधं कमी करू."

चिमुरडीचा नमुना घेतला त्या दिवशी मावशीला स्वतःलाच सर्दी होती. चिमुरडी काडी सोडायला तयार नव्हती, ओढाताणीत दोन्ही काड्या एकाच ताटलीत पडल्या होत्या आणि मावशीने त्यातलीच एक तपासायला पाठवली होती. मूग गिळून बसली असती तर कुणाला पत्ता लागला असता? पण पोरीची औषधं कमी झाली असती.

"बाई," ती म्हणाली, "ते नाक माझं आहे."

डॉक्टरबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्या म्हणाल्या, "खरं बोललात, बरं केलंत. पण हा खेळ आजपासून बंद." मावशी मान खाली घालून "बरं" म्हणाली. चूक तिचीच होती.

पुढे चिमुरडी बरी झाली आणि आईबरोबर नमुना द्यायला आली. येताच तिने काडीसाठी हात पसरला. "आज नाही गं राणी," मावशी म्हणाली. झालं! पोरीने दोन्ही हातांनी नाक दाबलं आणि असं भोकाड पसरलं की डॉक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आईने गोंजारलं, दटावलं, शेवटी कंटाळून पर्स उचलली. "राहू द्या. आम्ही काही पुन्हा येत नाही." मावशीचा जीव तुटत होता, पण तिने काडीला हात लावला नाही.

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मावशीला उठवून त्या स्वतः खुर्चीत बसल्या, चष्मा काढला. "मावशी, एकाच काडीचं पाकीट फोडा. ही कचऱ्यात गेल्यावरच दुसरं पाकीट फोडायचं. कळलं? हं, घाल गं बाळ."

चिमुरडीने रडं गिळलं आणि काडी अशी काही फिरवली की डॉक्टरबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"रडू नको," ती त्यांच्या गालावर हात ठेवत म्हणाली, "झालं झालं."

मावशीने पदराने डोळे पुसले, ती काडी कचऱ्यात टाकली आणि दुसरं पाकीट फोडलं.