जोडीनं विशाखापट्टणम

ज्या वर्षी आमच्या गावच्या विहिरी दिवाळीतच तळाला गेल्या, त्याच वर्षी मी नवऱ्याला घेऊन विशाखापट्टणम बघून आले. गावात पुढं बरेच दिवस हे बोललं गेलं, की टँकरच्या दिवसांत ही बाई समुद्रावर फिरायला गेली. गेले होते, हे खरंच आहे. मी ते कधी लपवलं नाही.

आमचं गाव चौसाळ्यापासून आत. लग्नानंतरचे सहा हंगाम आम्ही दोघांनी ऊस तोडला. आमच्याकडं ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. त्यामुळं आम्ही जोडीनं पुष्कळ मुलूख पाहिला होता, पण सगळा उसाच्या फडातून. सातव्या वर्षी मी घरी राहायचं ठरवलं, एक म्हैस घेतली, आणि गावातल्या बायकांची दूध संस्था उभी राहिली तेव्हा मला चेअरमन केलं. मी दहावीपर्यंत शिकले होते आणि मोठ्यानं बोलायला घाबरत नव्हते. एवढं पुरेसं होतं.

त्या दुष्काळात आसपासच्या संस्थांनी कुलपं लावली. आमच्याकडं पाच कॅन दूध यायचं, ते एका कॅनवर आलं, तोही भरेना. तरी मी रोज सकाळी संस्थेचं दार उघडून काटा मांडायची. बाई अर्धा लिटर घेऊन आली तरी तिच्या दुधाचं फॅट लागायचं आणि तिच्या पुस्तकात नोंद व्हायची. एकदा बंद पडलं की परत उघडणार नाही, हे मला कळत होतं. बहुधा त्याचीच दखल घेऊन दूध संघानं तग धरलेल्या संस्थांच्या चेअरमनांना चार दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं. जागा विशाखापट्टणम. एकूण सहा जोडपी होती. पाच ठिकाणी नवरा चेअरमन आणि सोबत पत्नी. माझ्या पत्रात लिहिलं होतं, 'सोबत पती'.

मालक, म्हणजे माझा नवरा, तेव्हा चारा छावणीत होते. आमच्या दोन म्हशी तिथं बांधल्या होत्या आणि मालक त्यांच्याजवळच, ताडपत्रीखाली, दोन महिन्यांपासून राहत होते. मी रोज डबा घेऊन जायची, धार काढलेलं दूध घेऊन यायची. आमचं बोलणं तेवढ्या वेळातच. त्या दिवशी पत्र त्यांच्या हातात दिलं.

"मी कावून येऊ?" ते म्हणाले. "चेअरमन तू हायस."

"पत्रात तुमाला बी बोलावलंय."

"माझं नाव कुठंय? पती लिवलंय."

"मग पती दुसरा कोण हाय?"

त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हशीपुढं वैरण टाकायला लागले. धाकटी म्हैस त्यांची फार लाडकी. ती दुसऱ्या कुणाच्या हाती पान्हा सोडत नसे. मी दिराला आधीच विचारून ठेवलं होतं. चार दिवस आणि जायचे-यायचे दिवस तो छावणीत राहणार होता. सासूबाई पोरांना सांभाळणार होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "नारायणगडाच्या जत्रंशिवाय दोघं मिळून कुठं गेलतात? तिथं बी मी संगं होते. जा."

परळीहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून दुसऱ्या गाडीनं विशाखापट्टणम. सकाळी स्टेशनबाहेर आलो तेव्हा ऊन आमच्याकडच्यासारखंच होतं, पण हवा ओली. अंगाला कपडा चिकटायचा. मालक म्हणाले, "हवेत एवढं पाणी हाय, आन् आमाला टँकर."

प्रशिक्षण दुपारी जेवणापर्यंत असायचं. पुढचा वेळ मोकळा. पहिल्या दिवशी बाकीच्या पाचही चेअरमनांनी केंद्राच्या हिरवळीवर पत्त्यांचा डाव मांडला, बायका खोलीत टीव्ही बघत बसल्या. मालकही पत्त्यांच्या कडेला जाऊन बसले. मी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "उठा, आपल्याला समुद्र बघायचाय." एकजण हसला. मालक उठले, चप्पल घालून माझ्याबरोबर निघाले. ते हसणाऱ्याकडं बघत नव्हते, हे मला आवडलं.

दारात रिक्षा होती. मी हिंदीत काही जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात मालक पुढं झाले. "भाई, समुंदर कू जाना है, कित्ता लेते?" जनावरांच्या बाजारात मुसलमान व्यापाऱ्यांशी सौदे करून त्यांची ती भाषा पक्की झालेली. रिक्षावाला करीमनगरकडचा निघाला, त्याच्या घरची बोलीही हीच. त्याला इतका आनंद झाला, की चारही दिवस दुपारी तोच येऊन दारात थांबायला लागला. मला वाटलं होतं, परमुलखात नवऱ्याला मी सांभाळीन. तिथं बोलणं त्यांनी सांभाळलं, आणि कुठं जायचं ते मी ठरवत गेले.

पहिल्या दिवशी समुद्रात मी एकटीच गेले. लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर घेतलं आणि पाण्यात उभी राहिले. लाट परत जाते तेव्हा पायाखालची वाळू ओढून नेते, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दचकले आणि मग मला तेच पुन्हापुन्हा हवंसं वाटलं. आजूबाजूला नवी लग्न झालेली जोडपी एकमेकांचे फोटो काढत होती. मालक मागं कोरड्या वाळूत दोघांच्या चपला राखत बसले होते.

"या की," मी हाक मारली.

"चपला जातील."

"कोण नेणार तुमच्या चपला?"

"तू भीज. मी बघतो." आणि ते खरंच बघत बसले, सूर्य डोंगराआड जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पाणबुडी. निवृत्त झालेली एक मोठी पाणबुडी तिथं समुद्रकाठी आणून ठेवलीय, तिकीट काढून आत जाता येतं. आत एवढी अरुंद, की मालकांना वाकूनच चालावं लागलं. माहिती सांगणारा माणूस नौदलातून निवृत्त झालेला होता, हिंदी चांगलं बोलायचा. यंत्रं, दाब, खोली असं तो सांगत होता. मालकांनी मध्येच विचारलं, "पीने का पानी कित्ता मिलता था?"

तो माणूस म्हणाला, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पाणी मोजून मिळायचं, आंघोळ तर कित्येक दिवस नाही.

मालकांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाले, "समुद्राच्या पोटात ऱ्हाऊन बी आपलीच गत." मग बराच वेळ ते त्या पाणबुडीकडं बघत उभे होते. आता तिच्यात राहिलेली माणसं त्यांना ओळखीची वाटत असावीत. रात्री जेवताना त्यांनी बाकीच्या पाच जणांना सगळी पाणबुडी समजावून सांगितली. तिसऱ्या दिवशी त्यांतली दोन जोडपी पत्ते सोडून पाणबुडी बघायला गेली.

आम्ही दोघं तिसऱ्या दिवशी टेकडीवर गेलो. वर जायला दोरीवरचा पाळणा आहे. पाळणा सुटला तशी मालकांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगड्या रुतल्या. खाली सगळा किनारा वळत गेलेला दिसत होता, जहाजं दिसत होती. वर पोचल्यावर त्यांनी हात सोडला आणि बाकावर बसून पाणी प्यायले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दीर होता.

धाकटी म्हैस कालपासून वैरणीला तोंड लावत नव्हती. धारही देत नव्हती.

मालक उठून उभे राहिले. "चल. आजच्या गाडीनं निघू."

"डॉक्टरला दाखवलं का, ते तरी इचारा."

"डॉक्टर काय करणार? तिला माझी सवय हाय. मी यायलाच नको होतं."

"तुमी गेलात तरी पोचायला दोन दिवस लागतील," मी म्हणाले. "तवर ती बरी होईल न्हाईतर आणखी बिघडंल. आधी डॉक्टर."

"तुला समुद्राचं पडलंय."

हे मला लागलं. पण रडण्याची ती वेळ नव्हती. मी तिथंच बाकावर बसून जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. रोजच्या कामामुळं माझी त्यांची ओळख होती. ते शेजारच्याच छावणीत होते, अर्ध्या तासात बघून सांगतो म्हणाले. तो अर्धा तास आम्ही एका बाकाच्या दोन टोकांना बसून होतो. मालकांनी समुद्राकडं पाठ केली होती.

डॉक्टरांचा फोन आला. उसाचं वाढं, शेंड्याचा तो हिरवा चारा, जास्त खाल्ल्यानं पोट धरलंय, औषध पाजलंय, घाबरण्यासारखं काही नाही, संध्याकाळपर्यंत बघू. मी मालकांना सांगितलं. त्यांचा चेहरा काही सैल होईना. मग मी दिराला फोन लावला आणि म्हणाले, "भाऊजी, फोन मोठ्या आवाजावर करा आन् म्हशीच्या कानाशी धरा." आणि माझा फोन मालकांच्या हातात दिला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आजूबाजूला माणसं होती. ते थोडे पलीकडं, कठड्याजवळ गेले. मग मला ऐकू आलं. "काय गं बाई. काय झालं. खायचं न्हाई व्हय. मी येतो ना. परवा निघतोय. खा आता, शाणी हायस ना." छावणीत धार काढताना ते जे पुटपुटायचे, तेच. त्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

दीर म्हणाला, कान टवकारले तिनं. खाल्लं मात्र नाही.

फोन परत देताना मी बोलून गेले. "माझ्याशी असं एक दिवस तरी बोललात का?"

त्यांनी जरा विचार केला. थट्टा नव्हती करत. "तू कधी खायची थांबली न्हाईस," ते म्हणाले. "फडात ताप असला तरी उठायचीस. मला वाटायचं, हिला काय लागत न्हाई."

"लागतं," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले.

खाली उतरताना आम्ही पाळण्यात समोरासमोर न बसता शेजारी बसलो. रिक्षावाल्याला मालकांनीच समुद्राकडं घ्यायला सांगितलं. तिथं त्यांनी चपला रिक्षात ठेवल्या, धोतर वर खोचलं आणि माझ्याआधी पाण्यात शिरले. पहिली मोठी लाट आली तशी त्यांनी परत माझं मनगट धरलं. मी त्यांना सांगितलं, लाट परत जाताना टाचा वाळूत रोवून ठेवा. गुडघ्याएवढ्या पाण्यात आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. एकदा मालक हसले, मोठ्यानं, आणि माझंही लुगडं कमरेपर्यंत भिजलं. संध्याकाळी दिराचा फोन आला, म्हशीनं पेंड खाल्ली. डॉक्टरांच्या औषधाचा गुण, असं मी म्हणते. मालक काही म्हणत नाहीत.

चौथ्या दिवशी आम्ही बंदरातून बोटीनं फेरी मारली. त्या दिवशी सहाही जोडपी बरोबर होती.

गावी आल्यावर पंधरा दिवसांत संस्थेची सभा झाली. सभेला नवरेही येऊन मागं उभे राहायचे. त्यातल्या एका म्हाताऱ्या जमीनदारानं विचारलं, "गावात घागरीला पाणी न्हाई आन् चेअरमनबाई समुद्रावर. हे शोभतं का?"

मी उभी राहिले. म्हणाले, "काका, मी हिथं बसले असते तर पाऊस पडला असता का?" बायका हसल्या. मग मी नीट सांगितलं, की प्रशिक्षणात मुरघास, म्हणजे हिरवा चारा खड्ड्यात दाबून टिकवायला शिकले आहे, पुढच्या उन्हाळ्यासाठी आपण आताच खड्डे घेऊ. आणि हेही सांगितलं, की संस्थेच्या प्रत्येक बाईनं एकदा नवऱ्याला घेऊन बाहेर गेलं पाहिजे, कामाला नाही, फिरायला. दुष्काळ संपायची वाट बघू नका. दुष्काळ आमच्याकडं पुन्हा येणारच आहे.

दुसऱ्या वर्षी बरा पाऊस झाला. तेव्हापासून दर हिवाळ्यात संस्थेची आठ-दहा जोडपी समुद्राला जातात. कधी रत्नागिरी, कधी गोवा, दोनदा विशाखापट्टणम. नियम मी घातला आहे, सासू न्यायची नाही आणि पत्ते न्यायचे नाहीत. तो म्हातारा जमीनदार तिसऱ्या खेपेला बायकोला घेऊन आला होता. मी दर वेळी पुढारी म्हणून जाते. म्हशींना सोडून मालक पुन्हा आले नाहीत. मी निघताना बॅग गाडीपर्यंत आणून देतात, पोचल्यावर फोन कर म्हणतात. पहिल्या संध्याकाळी पाण्यात उभी राहून मी फोन लावते, आणि ते आधी विचारतात, मी जेवले का.