बाकं भरली तो रविवार

लग्न होऊन मी डहाणूला आले तेव्हा गावात आमच्या धर्माची घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. हे पाद्री. पगार मिळे शुभवर्तमान सांगण्याचा, पण यांचा सगळा वेळ जाई खाडीवर. तिथे एक तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, यांचा जिवाभावाचा दोस्त झाला होता. दोघं फाटकी जाळी सांधत बसत. येशूच्या गोष्टीही निघत, पण गप्पांच्या ओघात. "तुमचा येशू जाळं उजवीकडं टाका बोलतो, म्हंजे त्यानं पाणी बघितला असणार," असं तांडेल एकदा म्हणाले. मला हसू फुटलं. हे मात्र खरोखरच विचारात पडले.

अशी वर्षं गेली आणि बाप्तिस्मा एकाचाही झाला नाही. डहाणू गुजरातेत जाणार की इकडेच राहणार यावर नाक्यानाक्यावर भांडणं चालली होती, त्याच सुमारास मुंबईहून निरोप आला. आमच्या मिशनचे मोठे साहेब रविवारी उपासनेला येणार होते. इथलं काम चालू ठेवायचं की बंद करून आमची बदली करायची, ते बघायला.

मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "आता त्या खाडीलाच द्या बाप्तिस्मा!" माझी जीभ तशी पहिल्यापासूनच तिखट. हे संध्याकाळी तांडेलांकडे जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही, आणि मीही फुगून बसले होते म्हणून विचारलं नाही.

रविवारी सकाळी मी अंगण झाडत होते. रिकामी टोपली घेऊन परतणारी एक कोळीण दारात थांबली.

"वयनी, पाड्यात कोण गेला?"

"कोणी नाही. का?"

"मग होड्या काठाला कशा?"

उधाणाचे दिवस होते, जाळ्यात मासळी मावत नाही असे. अशा दिवसांत घरात मयत झाल्याशिवाय कोणी होडी बांधून ठेवत नाही. मीही चक्रावले. तेवढ्यात तांडेल समोरून आले, मागे त्यांचे सगळे खलाशी. आंघोळी केलेल्या, केसांना तेल चोपडलेलं, अंगात सणाचे सदरे. अंगणालगतच्या प्रार्थनाघरात येऊन ते बाकांवर बसले, अगदी खेटून. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि कानशिलं तापली. साहेब आले, उपासना सुरू झाली. वचन वाचताना माझ्याकडे यांनी एकदाही पाहिलं नाही.

साहेब खुलले. उपासना संपल्यावर त्यांनी तांडेलांचा हात हातात घेतला.

"आपण दर रविवारी येता?"

"नाय साहेब, आज पयल्यानंच."

"आज काही विशेष?"

"पाद्रीबाबा बोलले, साहेब येणार हाय, बाकं भरायला पायजेत. म्हणून होड्या ठेवल्या." हे सांगताना त्यांची छाती फुगली होती.

साहेब यांना एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मुकाट्याने चहा घेतला आणि स्टेशनवर गेले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. कप विसळतानाही माझी मान वर होईना.

ऊन उतरल्यावर तांडेल आले. सकाळचा सदरा अजून अंगात होता.

"माझा कायतरी चुकला काय, बाबा? साहेब एकदम गप झाला."

"तुमचं काही चुकलं नाही," हे म्हणाले. "चुकलं माझं. साहेबांना फसवायला मी तुम्हाला बोलावलं. बाकं भरलेली दिसावीत, एवढ्यासाठीच."

मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असंच वाटत होतं. तांडेल मग हळूच बोलले.

"मला वाटला, साहेब नुसता निमित्त हाय. इतकी वर्सं तुमी माझ्या घरी जेवलात, माझ्या आईला खांदा दिलात. पण तुमच्या देवाच्या घरी चल, असा एकदा पण बोलला नाय. मी पोरांना सांगितला, होड्या ऱ्हाऊ द्या रे, आज बाबानी आपल्याला बोलावला हाय."