हळदीच्या फडक्यातली नाळ

सरकारी दवाखान्यात आईच्या बोटाला सुई टोचण्याआधी तिथल्या बाईंनी विचारलं, “मावशी, मुलगा तुमच्याच पोटचा ना?” आई म्हणाली, “व्हय की. माझाच.” मी शेजारीच उभी होते. रांगेत कुणी पुढे घुसलं तरी तावातावाने भांडणारी मी, तेव्हा मात्र तोंडातून शब्द काढला नाही. आजही ते आठवलं की मला एका जागी बसवत नाही.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आग लागली होती. माझा धाकटा भाऊ तिथे कंत्राटी कामाला होता. त्या सकाळी तो आईशी भांडून, “आता या घरात पाय ठेवणार न्हाय” म्हणून निघाला आणि त्याचा फोन बंद झाला. आगीत एक जण ओळखू येणार नाही इतका जळाला होता. कंत्राटदाराची हजेरी सगळी अंदाजपंचे. भाऊ त्या दिवशी कामावर गेला, की रागाच्या भरात पुण्याची गाडी पकडून गेला, हे छातीठोकपणे सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून आईचं रक्त त्या देहाशी जुळवून बघायचं होतं.

पण ते जुळणार नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना आत्या बाळंतपणात गेली. तिच्या सासरी मूल कुणाला नको होतं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी ते सोलापुरी टॉवेलात गुंडाळून आणलं आणि आईच्या ओटीत घातलं, वर नारळ ठेवला. “ह्यो आता तुजा. ह्या घरात पुन्यांदा ह्यो विषय न्हाय,” म्हणाले. खरंच निघाला नाही. वडील वारले तरी नाही. भावालाही कधी कळलं नाही.

अहवालाची वाट पाहताना मी जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालत होते. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरायचे, मुलांवर विनाकारण खेकसायचे, अर्धं काम टाकून स्कूटर काढायचे आणि शुक्रवार पेठेत आईकडे जाऊन उगाच कपाटं आवरायचे. सांगावं तर आईच्या तोंडावर तिला खोटं पाडायचं. न सांगावं तर तो तिकडे बेवारस पडलेला.

अहवाल आला. रक्त जुळलं नाही.

आईने गल्लीत साखर वाटली. रोज त्याच्या वाटणीची भाकरी थापू लागली, शेंगाचटणी कुटू लागली. “राग उतरला की येतो बघ. लई तापट हाय त्यो.” माझा संताप संताप होत होता. मला वाटलं, हिने जाणूनबुजून आपलं रक्त दिलं. कागदावर का होईना, त्याला जिवंत ठेवायला.

पाचव्या दिवशी माझा तोल सुटला. भाकरीचं पीठ मळणाऱ्या आईला मी म्हणाले, “तुला ठाऊक होतं की जुळणार नाही. मग का दिलंस?”

तिने पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहिलं. “का जुळनार न्हाय? चोवीस वरसं माज्या हातचं खाल्लंय त्यानं. अंगात रगत दुसऱ्या कुनाचं आसंल?”

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. मग रक्त जन्मातूनच येतं, खाण्यातून नाही, हे मला तिला समजावून सांगावं लागलं. मी सांगत गेले आणि ती हळूहळू खाली बसली. माझ्या आयुष्यात मी इतकं वाईट काम दुसरं केलेलं नाही.

पिठाचे हात पदराला पुसत ती उठली आणि देवाच्या फळीमागून एक पत्र्याची डबी काढली. आत हळदीच्या फडक्यात सुपारीएवढं काळं, वाळलेलं काहीतरी होतं. “त्याची नाळ,” ती म्हणाली. “आनला तवा तशीच व्हती. सातव्या दिवशी आंगूळ घालताना माज्या हातात गळाली. ही चालंल का?”

दवाखान्यातल्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पूर्वी इतक्या जुन्या, सुकलेल्या तुकड्यातून काही हाती लागायचं नाही, आता लागू शकतं. आणि ही नाळ त्याची स्वतःचीच, म्हणजे नात्याचा प्रश्नच नाही. आईने एवढंच विचारलं, “सगळी घेनार का?” बाईंनी ब्लेडने जरासा तुकडा कापला आणि उरलेली नाळ फडक्यात बांधून परत दिली. रिक्षात ती आईच्या मुठीत होती.

पुन्हा त्याच येरझाऱ्या. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे. शेवटी तो फोन आला तेव्हा मी भाजी तशीच गॅसवर टाकून निघाले, अर्ध्या वाटेतून गॅस बंद करायला परत आले, आणि पुन्हा निघाले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. एकही धड जमलं नाही.

आई दारातच उभी होती. माझं तोंड बघून तिला कळलं असणार. तरी तिने विचारलं, “जुळली?”

“जुळली, आई.”

तिने मान हलवली. मग घरात जाऊन भाकरीची परात पालथी घातली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “मी म्हनलं व्हतं की. माजाच हाय म्हून.”