अप्पांच्या मशीनचं पाणी

आमच्या शेजारचे गुरुबसप्पा एसटीत कंडक्टर होते. लातूर-नांदेड ही त्यांची हयातभराची गाडी. निवृत्त झाल्यावरही घरी आलेल्याला चहा देताना ते "पुढं सरका, पुढं सरका" म्हणायचे आणि समोरचा माणूस, खोलीत एकटाच बसलेला असला तरी, थोडा सरकायचा. आख्खी गल्ली त्यांना अप्पा म्हणते. त्यांची बायको लक्ष्मम्मा देगलूरकडची. ती सगळ्यांची अम्मा. अम्माची मराठी झकास होती, पण राग आला की ती तेलुगूत शिरायची. आणि राग यायचा तो एकाच गोष्टीचा: कुणी पाणी सांडलं की.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यापासून अम्मानं घरात कायदाच केला होता. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, कपड्यांचं पाणी टिपाडात, आणि टिपाडातलं मागच्या अंगणातल्या कढीपत्त्याला. मोरीत जायचं ते फक्त आंघोळीचं, तेही नाइलाजानं. एरवी मोरीतून खळखळ ऐकू आली की ती चुलीपुढून ओरडायची, "नीळ्ळु पारबोयकु!" म्हणजे पाणी ओतून देऊ नका. आमच्या घराला तेलुगू येतं ते एवढंच. भिंतीला भिंत असल्यानं आमचा नळ वाहता राहिला तरी हा हुकूम आम्हालाही लागू व्हायचा. त्या कढीपत्त्याचा पाला मात्र सगळ्या गल्लीच्या फोडणीत पडायचा.

मागच्या वर्षी अम्माच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं. डावा हात तेवढा चालायचा. त्या हाताशी अप्पांनी पितळेचं फुलपात्र ठेवलं होतं. काही लागलं की ती ते लोखंडी खाटेवर वाजवायची.

"सर, जिंदगीभर मी घंटी मारली," अप्पा मला म्हणाले, "आता ती मारून राहिली अन् मी थांबून राहिलो."

अप्पांचा विनोद हा असा. आपण हसून वर बघावं, तर त्यांचे डोळे भलतीकडेच.

अंथरुणावरच्या माणसाचं धुणं संपत नसतं. चादरी, गोधड्या, लुगडी. अप्पा सगळं हातानं धुवायचे. बाई ठेवायला तयार नव्हते. परक्या बाईच्या हातून अम्माला लाज वाटते म्हणायचे. त्यांची मुलगी राजकन्या नांदेडला दिलेली. ती येऊन बापाचे साबणानं फुटलेले हात बघून गेली आणि तिनं वॉशिंग मशीन पाठवलं. मागोमाग तिचा फोन.

"अप्पा, हे शेवटचं करून बघते. मशीनवर तुमच्याच्यानं निभलं तर अम्मा तुमच्यापाशी. न्हाई निभलं तर मी तिला नांदेडला नेणार. मग रुसायचं न्हाई."

"तुम्हीही जा की सोबत," मी म्हणालो.

"लेकीच्या घरी बाप किती दिवस ऱ्हातो, सर? तिच्या दोन खोल्या, त्यात सासू-सासरे. अम्माची खाट बसंल. माझी कुठं घालावी?" मग म्हणाले, "अन् इथं नळ आला तर पाणी कुणी भरावं?"

मशीन झोकदार होतं. दोन टपांचं, निळ्या झाकणाचं. दुकानाचा मेकॅनिक यासेर ते बसवून गेला. मागची करडी नळी त्यानं मोरीत सोडून दाखवली, धुतलेलं पाणी भसाभस निघून गेलं, चहा झाला. दुसऱ्या दिवशी अप्पांची तक्रार: पाणी निघत नाही. यासेर आला, पाणी निघालं. यासेर गेला, पाणी थांबलं. मग हे नेमानंच होऊ लागलं.

"अप्पा, ये मशीन मेरेकू देख के शरमाती क्या?" यासेर विचारायचा. त्यानं नळी बदलली, जाळी साफ केली, आतली झडप बदलली. मशीन त्याच्यासमोर सुनेसारखं वागायचं आणि त्याची पाठ फिरली की तुंबायचं. मग अप्पा ते गढूळ पाणी तांब्यातांब्यानं उपसायचे आणि चादरी पुन्हा हातानं पिळायचे. फोनवर राजकन्येला मात्र, "मशीन येकदम फर्स्ट क्लास हाय!"

एकदा यासेर विसरलेला पाना न्यायला, न सांगता परत आला. मी तिथंच बसलो होतो. आम्ही मागं गेलो तर नळी मोरीत नव्हतीच. मशीनशेजारी कमरेइतकं उंच टिपाड उभं होतं, आणि नळी त्याच्या काठावरून आत सोडून वर सुतळीनं आवळून बांधलेली होती.

यासेर मटकन खाली बसला. "या अल्ला! अप्पा, पानी उप्पर कैसा चढिंगा? इसमें पंप नै है. नळी नीचे रही तोच पानी जाता."

"पण तो येतो तेव्हा नळी मोरीत कशी असते?" मी विचारलं.

अप्पा ओशाळले. "चेकिंग येणार म्हणलं की सगळं जागच्या जागी ठेवायची सवय हाय, सर. नोकरीतली."

यासेरनं सुतळी सोडली, नळी मोरीत टाकली. तुंबलेलं पाणी खळखळत निघालं. आणि आतून आवाज आला, टक टक टक टक. आम्ही आत धावलो. अम्मा छताकडे बघत फुलपात्र खाटेवर आपटत होती. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात चाललं होतं. यासेर आला की अप्पा आतलं दार का लावून घ्यायचे, ते तेव्हा कळलं.

अप्पांनी तिचा हात धरला. बाहेर पाणी वाहायचं थांबलं, तेव्हा हातही थांबला.

"घरात तिचं आता काय चालतं, सर?" ते हळूच म्हणाले. "हे एवढंच चालतं. ते बी मोडू का?"

मग मशीनच उंच करायचं ठरलं. पायांखाली विटा रचल्या. धुणं झालं, पाणी टिपाडात उतरलं, आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. इतक्यात कपडे पिळायचा टप फिरू लागला आणि मशीन थरथरत, विटा सोडून, दाराकडे निघालं. "लातूर-नांदेड, विनाथांबा!" अप्पा ओरडले. आम्ही मशीनला मिठ्या मारून थांबवलं. त्या घरात मी मोठ्यानं हसलेला तो शेवटचा दिवस.

मशीन वर जात नाही तर टिपाड खाली घ्यायचं, असं अप्पांनी काढलं. अंगणात कढीपत्त्याजवळ खड्डा खणायचा, त्यात टिपाड काठापर्यंत गाडायचं, आणि भिंतीला भोक पाडून नळी तिकडे न्यायची. कल्पना बिनचूक होती. मी म्हणालो, सोमवारी माणूस बघू. पण राजकन्या शनिवारी येणार होती, आणि अप्पांना तिला चालतं मशीन दाखवायचं होतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही चहा घेत होतो तेव्हा भिंतीपलीकडून टक टक सुरू झालं. "अप्पांनी मोरीत पाणी सोडलं वाटतं," बायको म्हणाली. आवाज थांबेना. एरवी तो ठेक्यात असायचा. आज कसाही, वेडावाकडा. मी पळत गेलो. अप्पा कमरेइतक्या खड्ड्यात, मुरमावर कुशीला पडले होते. हातात टिकाव तसाच. पाठीतून अशी कळ निघाली होती की त्यांना उठवत नव्हतं आणि ओरडवतही नव्हतं. ते कण्हत होते ते फक्त अम्मालाच ऐकू गेलं होतं.

राजकन्या आली तेव्हा एका खोलीत दोन खाटा होत्या. ती दोघांच्या मधे उभी राहिली.

"आता तुम्हीच सांगा, अप्पा. कुणी कुणाला उठवायचं?"

अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "तिचं फुलपात्र संग ने. दुसऱ्या भांड्याचा आवाज तिला पटत न्हाई."

जीप दाराशी आली. आम्ही अम्माला गादीसकट मागं ठेवलं आणि अप्पांना खुर्चीवर बसवून बाहेर आणलं. त्यांनी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. तिचा डावा हात त्यांच्या बाहीला धरून होता. राजकन्येनं बोटं एकेक करून सोडवली. ड्रायव्हर मागं बघत थांबला. कुणी 'निघा' म्हणेना. शेवटी अप्पांनीच जीपच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. डबल बेल. गाडी निघाली.

अप्पा काठीवर उभे राहीपर्यंत त्यांचं आम्ही बघितलं. पण पाठीला हिसका बसता कामा नये, म्हणून डॉक्टरांनी त्यांचा लांबचा प्रवासच बंद केलाय. ज्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा त्यांना नावानं ठाऊक, त्याच रस्त्याला ते मुकले.

खड्डा यासेरनं पुरा केला. दुकानातली दोन माणसं घेऊन आला, टिपाड गाडलं, भिंतीतून नळी काढली. मशीन आता एकदाही तुंबत नाही. पाणी टिपाडात पडतं आणि तिथून कढीपत्त्याला. अम्माच्या कायद्याप्रमाणं सगळं चालतं.

रविवारी सकाळी अप्पा काठी टेकत आमच्या दाराशी येतात. एकट्या माणसाचे कपडे ते किती. "सर, काही मळलंय का?" आम्ही चादरी देतो. मग ते मशीन लावतात, नांदेडला फोन करतात आणि फोन टिपाडाच्या तोंडाशी धरतात. तिकडे राजकन्या अम्माच्या कानाला लावते. पाणी पडत राहतं. संपलं की अप्पा फोन स्वतःच्या कानाला लावून थोडा वेळ ऐकतात.

"फुलपात्र वाजलं न्हाई," ते मला सांगतात. "म्हंजे पटलं तिला."

राजकन्येनं मला वेगळं सांगितलंय. अम्मा आताशा फुलपात्र हातातच धरत नाही.

गेल्या रविवारी आमच्याकडे मळलेलं काहीच नव्हतं. अप्पा दारात उभे होते. बायको आत गेली, पलंगावरची आदल्याच दिवशी घातलेली चादर ओढली, हातानं चुरगाळली आणि बाहेर येऊन म्हणाली, "बघा ना अप्पा, किती घाण झालीय."