फौजीने खोडलेला शब्द

पोट्टेहो, बायोडेटात काय झाकायचं याचे धडे तुम्ही दोघं हल्ली मला फोनवर देता, म्हणून ही एक आठवण आताच लिहिते.

गोल बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात एक निवृत्त फौजी कॅनडातल्या नोकरीसाठी बायोडेटा टाइप करवून घेत होता. तासभर ताठ उभा, काउंटरला हातही टेकलेला नाही. दुकानदार कधी शहराच्या टोकावरच्या भनपुरीपलीकडे गेला नसेल, पण कॅनडाची त्याला खडान्‌खडा माहिती.

"भैया, फौज काहून लिहून राहिले? तिकडचे लोक घाबरतात. काढून टाका."

"फौजेतली सतरा वर्षं काढून टाकली, तर ते विचारतील ना, एवढे दिवस जेलात होता काय?" फौजी म्हणाला.

मी शेजारीच झेरॉक्ससाठी उभी होते; मग इंग्रजीसाठी दुकानदाराने मला पुढे केलं. माझ्या पेन्शनच्या कागदाच्या झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर मी ऐटीत लिहिलं, ‘ब्रेव्ह सोल्जर’. त्याने पेन घेऊन ‘ब्रेव्ह’ खोडलं.

"माताजी, मी फौजेत स्वयंपाकी होतो. नोकरीही स्वयंपाक्याचीच मागून राहिलो."

एका शहाण्याने फौज लपवली, दुसरीने फुगवली. टाइप झालं ते मात्र त्याने सांगितलेलंच.

त्याला नोकरी लागली का, ठाऊक नाही. खोडलेला तो कागद माझ्या फायलीत आहे.