बीपी: आहे / नाही

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू दिवसभर करतेस काय?" मी रकाने आखते, बाळांनो.

मुखेडच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि रेणापूरला राहायला आले. इथल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरबाईंना एक इंग्रजी फॉर्म मराठीत करून हवा होता. तिशीपुढच्या सगळ्यांचा बीपी आणि साखर, त्रास सुरू व्हायच्या आधीच तपासायची, त्याची ती नोंद. मूळ प्रश्न होता, बीपी मोजला का? रकाना अरुंद होता. मी सुटसुटीत लिहिलं, "बीपी: आहे / नाही."

आपल्याकडे "मला बीपी हाय" म्हणजे बीपीचा आजार आहे, हे मला ठाऊक होतं. लिहिताना मात्र सुचलं नाही.

आमच्या भागातल्या आशाताई घरोघर फिरून हे फॉर्म भरायच्या. महिनाअखेरीस कोणी किती भरले ते केंद्रातल्या फळ्यावर लागायचं. त्यांचं नाव कायम पहिलं. त्या फळ्याचा फोटो त्यांच्या मोबाइलवर उघडल्या उघडल्या दिसायचा.

एका दुपारी त्या चहाला आल्या. बीपीचं मशीन त्यांच्या पिशवीतच होतं. त्यांनी माझा बीपी मोजला, ठीक निघाला. म्हटलं, आता तुमचा बघू.

"मला न्हाई बीपी, मॅडम. फॉर्मवर लिवलंय की."

"मोजला कधी?"

"मोजायचं कशाला? 'बीपी आहे का' इचारायचं, 'न्हाई' म्हनली की टिक करायची. समद्या बायांचं तसंच केलंय."

मी पट्टा त्यांच्या दंडाला बांधला. आकडा चांगलाच वर गेला. दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजला, तरी तेवढाच.

"मशीन बिघडलं जनू," त्या हसल्या. चहा मात्र तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी केंद्रात गेलो. चूक माझी आहे, असं मी आधीच सांगून टाकलं. डॉक्टरबाईंनी आशाताईंना गोळ्या सुरू केल्या आणि म्हणाल्या, "आता फळ्यावर काय मोजायचं तेच बदलू." फॉर्म किती भरले, हे पुसायचं. प्रत्यक्ष मशीन लावून किती जणांना तपासलं आणि ज्यांचा बीपी जास्त निघाला त्यांतले किती जण महिन्याच्या आत परत तपासायला आले, एवढंच लिहायचं.

"म्हंजी मी पहिली ऱ्हात न्हाई," आशाताई म्हणाल्या.

"नाही राहणार," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

त्यांनी फळ्याखालचा खडू उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "लिवा मग. पन औंदा रकाना रुंद काढा, मॅडम. मागच्या बारीला तुम्हाला जागा पुरली न्हाई."

डॉक्टरबाई तोंड फिरवून हसल्या. मीही हसले.

पहिल्या महिन्यात त्यांचं नाव खालून दुसरं होतं. आता दिवसात चारच घरं होतात, कारण दर घरी बसावं लागतं. परत आलेल्यांच्या रकान्यात पहिली खूण त्यांची स्वतःची आहे. फळ्याचा नवा फोटो त्यांनी काढलाय. "आकडा बारका हाय, पन मोजलेला हाय," म्हणतात.

काल चहाला आल्या, तर मी सांगायच्या आधीच बाही वर सारून बसल्या. आकडा बराच खाली आलाय.

तुमच्या बाबालाही विचारा. बीपी आहे का, असं नको. कधी मोजला, असं विचारा.