इंजिनाचं पाणी

मुदखेडच्या स्टेशनात गाडी आली की माझी माय आधी इंजिनाकडे बघायची आणि मग उतरणाऱ्या माणसांकडे. पाहुणा असला तरी त्याला ताटकळत उभं राहावं लागे. इंजिन तिथे पाणी प्यायला थांबायचं, आणि त्याच्या सांडलेल्या पाण्यावर आमचं घर चालायचं.

आमची वस्ती रुळांना लागून होती. वडील रेल्वेत गँगमन. फलाटाच्या टोकाला इंजिनात पाणी भरायचा एक उंच लोखंडी नळ होता, त्याला आम्ही सोंड म्हणायचो. इंजिनाचं पोट भरलं की सोंड बाजूला फिरवत, आणि तिच्यात उरलेलं पाणी धो धो खाली पडे. बायका घागरी घेऊन टपूनच असत. एक तेलुगू ड्रायव्हर तर नळ बंद करायला मुद्दाम उशीर लावायचा. "अम्मा, पट्टू, पट्टू!" असं वरून ओरडायचा, म्हणजे धरा, लवकर धरा. त्या पाण्याला कोळशाचा वास यायचा. मला तो वास आवडायचा, आणि हे सांगितलं की माझा मुलगा अजूनही नाक मुरडतो.

दुष्काळ पडला तेव्हा गावची विहीर तळाला गेली. मग शेतकऱ्यांच्या घरच्या बायकाही सोंडेखाली येऊ लागल्या. गावच्या विहिरीवर आम्हा बौद्धांनी बाजूला उभं राहायचं, कुणी तरी वरून पाणी ओतायचं, आणि आमची पाळी सगळ्यांच्या शेवटी. सोंडेखाली ही सोय नव्हती. पाणी एकदम अंगावर यायचं आणि सगळ्याच चिंब व्हायच्या. जिच्या शेतात माय खुरपायला जायची, ती मालकीणही तिथे यायची. एकदा मायला भरलेली घागर उचलेना, तर तिने सरळ हात लावून ती मायच्या डोक्यावर चढवली. मग ते रोजचंच झालं. पहिल्या दिवशी मात्र माय घरी येऊनही घागर न उतरवता दारातच उभी राहिली होती. मला वाटलं, कुणाशी तरी भांडून आली.

मग डिझेलचं इंजिन येणार अशी हवा झाली. वडिलांना तर नवा जावई येत असल्यासारखं झालं होतं. दुष्काळात फुलं कुठली, म्हणून त्यांच्या टोळीने रंगीत कागदाचा हार केला. माय आणि बाकीच्या बायका मात्र घागरी घेऊन सोंडेखाली उभ्या होत्या. नवं इंजिन म्हणजे मोठं पोट, जास्त पाणी, असा त्यांचा साधा हिशेब होता.

इंजिन आलं, सोंड ओलांडून पुढे गेलं आणि फलाटाला लागलं. हार झाला, नारळ झाला. ड्रायव्हर आमचा तेलुगूच होता, आज स्वच्छ कपड्यांत. माय घागर घेऊन मागोमाग आली आणि तिने खालून विचारलं, "हे पाणी कवा पिणार?"

"याला पाणी नको, अम्मा. डिझेल!" तो मोठ्या तोऱ्यात म्हणाला. मग त्याला तिच्या कमरेवरची घागर दिसली आणि त्याचं हसू तिथेच थांबलं. बिचारा खिडकीतून मान आत घेऊन बसला.

घरी वडिलांचं कौतुक सरत नव्हतं. "लई जोर हाय त्यात. ना धूर, ना राख. तेल हाय तवर काई फिकीर न्हाई."

"मंग आमी काय प्यावं? तेल?" मायने विचारलं. वडील भाकरी मोडत राहिले.

हळूहळू कोळशाची इंजिनं गेली आणि सोंड कायमची बंद झाली. पाऊस पडून विहिरीला थोडं पाणी आलं होतं. माय घागर घेऊन गेली आणि जुन्या जागी, बाजूला उभी राहिली. पोहरा मालकिणीच्याच हातात होता. तिने मायकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या सासूकडे पाहिलं, आणि वरून पाणी ओतलं.

"हात न्हाई लावला," एवढंच माय मला म्हणाली. मी तापट, लगेच मालकिणीला नावं ठेवायला लागले. तर मायने मलाच गप्प केलं. "तिला बी घरी जायचं हाय की. सासू हुबी व्हती."

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि नव्या कचेऱ्यांत भरती चालू होती. मला तिथे नोकरी लागली. वडील गेल्यावर मायला मी लातूरला आणलं. घरात नळ होता. ती पहिले काही दिवस तो नुसताच उघडून बघायची, मग बंद करायची.

पुढे लातूरवर असा दुष्काळ आला की प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं. मायने हट्टच धरला, म्हणून तिला गाडी दाखवायला नेलं. मागे पाण्याच्या टाक्या आणि पुढे डिझेलचं इंजिन. ती कपाळावर हात धरून बराच वेळ बघत राहिली. "ह्यानंच पळवलं व्हतं," ती म्हणाली, "आता ह्योच आणून राहिला."

त्या दिवसापासून तिने घरातलं एक भांडं रिकामं ठेवलं नाही. पातेली, डबे, चहाची किटलीसुद्धा भरलेली. मी चिडायचे. "माय, उद्या परत गाडी येणार हाय. किती भरून ठेवशील?"

अशातच टीव्हीवर एक गृहस्थ सांगत होते की जमिनीतलं तेल काही कायमचं पुरणार नाही. मायने कान टवकारले; पाण्याची गाडी त्याच तेलावर येत होती. माझा मुलगा म्हणाला, "आजी, घाबरू नकोस. पुढे सगळ्या गाड्या विजेवर चालणार."

माय त्याच्याकडे वळली. "त्याला पाणी लागतंय का?"

मुलगा हसला. मला हसू आलं नाही. मी तिला सांगितलं की वीज करायलाही पाणी लागतं, आणि पाणी नाही म्हणून शेजारच्या जिल्ह्यातलं वीज केंद्र सध्या बंद आहे.

विजेलाही पाणी लागतं म्हटल्यावर, जणू पाणी पिणारं इंजिन परत येणार म्हणून, तिचे डोळे क्षणभर चमकले होते. पुढचं ऐकून ती विझली.

"म्हंजे त्ये बी तहानलेलंच हाय की बिचारं," ती म्हणाली.

मुलगा चॅनेल बदलून मोकळा झाला. मी स्वयंपाकघरात गेले. ओट्याखाली एक पातेलं तिच्या नजरेतून सुटलं होतं. मी ते विसळलं आणि भरून ठेवलं.